सातबाऱ्यात न मावणारं पाणी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "बोअर घ्यायचाय. सातशे फुटांपर्यंत जावं लागंल म्हणतात. निम्मे पैसे तुझ्याकडनं."

आप्पा माझे चुलते. वडील गेल्यावर आठ एकरांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या जागी माझं नाव लागलं. रान आप्पा कसतात, मी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला गावाहून निघताना कांदे, बाजरी, तुरीची डाळ असं सगळं काकू पोत्यात बांधून देतात. जमिनीचं मी आजवर काही विचारलं नव्हतं. या वेळी म्हटलं, पैसे नुसते पाठवत नाही, मीच येते. बसून बोलू.

गाव पारनेर तालुक्यातलं. पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. घरामागे आजोबांनी खणलेली पंचेचाळीस फुटी विहीर आहे. दगडी बांधणीची. मोटेची धाव अजून ओळखू येते. माझ्या लहानपणी तिच्यात मेमध्येही पोहता यायचं, आता होळीलाच पाणी तळाला लागतं. त्यानंतरचे दोन बोअर. अडीचशे फुटांचा आटून गेला, साडेचारशेचा तासभर चालला की हवा ओकतो. आता तिसरा.

रात्री जेवणं झाल्यावर आप्पा बाजेवर टेकले. मी ओट्यावर बसले.

"पाणाड्या येऊन गेला," ते म्हणाले. "विहिरीच्या उत्तरेला जागा दाखवलीय. नारळ तळहातावर उभा राहिला."

"आप्पा, शेतीसाठी साठ मीटरच्या खाली जायला कायद्यानं मनाई आहे. दोनशे फुटांच्या खाली नाही. २००९ चा भूजल कायदा आहे राज्याचा."

"असंल. गाडी रात्री येते आणि पहाटे जाते. शिवारात बघ कुणाकुणाचे किती फूट आहेत. एकालाही कुणी विचारायला आलेलं मी पाह्यलं नाही. मग कायदा पाळायचा तो मी एकट्यानं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा पाळणारा एकटा पडतो आणि न पाळणाऱ्याचा कांदा बाजारात जातो, हे मलाही दिसत होतं. मी दुसरीकडून गेले.

"कुणासाठी करताय एवढा खर्च?"

"पोराटोरांसाठी. दुसरं कुणासाठी?" आत झोपलेल्या नातवाकडे त्यांनी हात केला. "ह्याच्या बापाला, आपल्या दादाला, पुण्याला कंपनीत बारा-बारा तास राबायला नको. हितं पाणी असलं तर तो परत येईल. डाळिंब लावायचं, शेततळं करायचं. तुम्ही शिकलेली माणसं पुढच्या पिढीचं बोलता. मी तिच्यासाठीच पैसे काढतोय."

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पर्यावरणावर बोलणारे आपण बरेचदा असं धरून चालतो की उपसा करणाऱ्याला उद्याची फिकीर नसते. आप्पांना माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्यासाठी उद्या म्हणजे त्यांचा सहा वर्षांचा नातू.

कोनाड्यात एक लग्नपत्रिका होती. तिच्या पाठीवर मी हिशोब मांडला. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरहून थोडं जास्त. त्यावर साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडला, तर एकरी अठरा लाख लिटर पाणी झालं. आपल्या काळ्या खडकाच्या प्रदेशात त्यातला आठवा हिस्सा, फार तर, खाली मुरतो. म्हणजे सव्वादोन लाख लिटर.

"आणि बाकीचं?"

"थोडं ओढ्यानं वाहून जातं. बहुतेक मातीत राहतं. तेच बाजरी पिते, तूर पिते, उरलेलं ऊन ओढून नेतं. विहिरीला मिळतं ते सव्वादोन लाख. आठ एकरांचे झाले अठरा लाख. आता सांगा, एक एकर उन्हाळी कांद्याला पाटानं किती पाणी देता?"

आप्पांनी पाळ्या मोजल्या, मोटारीचे तास मोजले. आमचा दोघांचा आकडा वीस लाख लिटरच्या आसपास जुळला.

"म्हणजे आठ एकरांवर मुरलेलं सगळं पाणी एका एकराच्या कांद्याला पुरत नाही," मी म्हटलं. "तुमचा कांदा तीन एकर. उसाचं तर विचारूच नका. एक एकर उसाला पंचवीस-तीस एकरांवर मुरलेलं पाणी लागतं."

आप्पा पत्रिकेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तर मग इतकी वर्षं पुरलं कसं?"

माझ्या मते हा त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. पुरलं, कारण गायरानावर पडलेल्या पावसाचं पाणी आमच्या विहिरीत येत होतं. डोंगराचं येत होतं. ज्याच्याकडे मोटार घ्यायला पैसे नव्हते, त्या शेजाऱ्याच्या चार एकरांवरचंही येत होतं. बागायतदार जे पाणी 'माझं' म्हणतो, त्यातलं बरंचसं कोरडवाहूवाल्याच्या रानात मुरलेलं असतं. खडकाच्या भेगांना बांध कळत नाही. आपला कायदा मात्र इंग्रजांच्या वेळेपासून, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून, जमीन ज्याची खालचं पाणी त्याचं असं धरून चालत आला. जोवर मोट होती, तोवर ही चूक अंगावर आली नाही. दोन बैल दिवसभरात किती उपसणार? विजेची मोटार आली आणि मर्यादा गेली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीजही मोफत आहे. मोटार बंद करायला आता गेलेली वीज किंवा कोरडा पाइप, एवढी दोनच कारणं उरली.

"आणि सातशे फुटांवर आहे ना पाणी?"

"असेल. पण ते कालच्या पावसाचं नाही. खालच्या भेगांत फार जुनं साठलेलं असतं, पुन्हा भरायला किती पिढ्या लागतील याचा नेम नाही. आणि वरच्या थरातून पाइप नीट न बसवता खाली गेलात, तर वरचं पाणीसुद्धा त्या भोकातून खाली झिरपतं. आजोबांची विहीर अशानंच लवकर आटते, असं मला वाटतं. या खडकात पाणी मावतंच मुळी शेकडा दोन-तीन. स्पंज नाही हा, आप्पा. दगड आहे."

आप्पा उठून बसले. आता त्यांची पाळी होती.

"तुझा हिशोब बरोबर असंल. आता माझा ऐक. तू तिकडं बादलीनं आंघोळ करतेस, शॉवर लावत नाहीस, हे मागं सांगितलं होतंस. किती वाचलं वर्षाला?"

मी म्हटलं, रोजचे तीस लिटर धरले तर वर्षाचे अकरा हजार.

"माझी मोटार दोन तासांत उपसते तेवढं. मग तू काय वाचवलंस? आणि चहात साखर किती घालतेस? ती कुठल्या उसाची? एक किलो साखरेला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, हे तूच सांगितलंस. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं. शहरात माणशी एकशे पस्तीस लिटर म्हणून सरकारी माप, खेड्यात नळ आला तर पंचावन्न. आणि तुमचं वापरलेलं पाणी मुळा-मुठेतनं भीमेत, तिथनं उजनीत. सोलापूरकडची माणसं त्याचं काय करतात ते त्यांनाच विचार. तुम्ही बाटली पितळेची घेतली, पिशवी कापडाची घेतली, म्हणजे झालं? ताटात गव्हाची चपाती, बासमती भात, दूध-दही, गोडधोड. ते सगळं कुणाच्या तरी विहिरीतनंच आलेलं असतं ना?"

मी गप्प बसले. कारण त्यांनी बोट ठेवलं ते अचूक होतं. घरातल्या घरात केलेली काटकसर मला चांगली वाटते, मी ती सोडणार नाही; पण तिचा आणि जमिनीखालच्या पाण्याचा संबंध फार बारीक आहे. शहराचा खरा उपसा नळातून होत नाही, ताटातून होतो. आणि ताटात काय असावं याचा विचार आपण चव, पैसे आणि फार तर तब्येत या तीनच बाजूंनी करतो.

"आता बाजरी करा म्हणशील," आप्पा पुढे म्हणाले. "बाजरीचा हमीभाव कागदावर. घ्यायला कोण येतं? उसाला दर बांधलेला आहे, कारखाना तोडणीला माणसं पाठवतो. कांद्याचं बघ, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली, मेमध्ये उठवली. मधल्या चार-पाच महिन्यांत आमचं काय झालं? शेतकऱ्यानं पाणी कमी वापरायचं, पीक हलकं घ्यायचं, भाव पडला तर सोसायचं, आणि वर पुढच्या पिढीचं रक्षणही त्यानंच करायचं. सगळा उपास आमच्याच घरी का?"

काकू भांडी आवरून पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्या दाराशी उभ्या होत्या. एरवी या विषयात न बोलणाऱ्या काकू म्हणाल्या, "मागच्या दुष्काळात साडेचारशेचा बोअर चालत होता तवा त्याचं पाणी कांद्याला गेलं. आन मी हंडा घेऊन टँकरमागं. हे बी हिशोबात लिहा."

आप्पा काही बोलले नाहीत. पत्रिकेवर आम्ही दोघांनी कांदा लिहिला होता, ऊस लिहिला होता, खडक लिहिला होता. पिण्याचं पाणी लिहायचं राहिलं होतं.

थोड्या वेळानं मी हिवरे बाजारचं काढलं. आमच्यापासून काही लांब नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव आमच्याइतकंच उजाड होतं. त्यांनी डोंगरावर समतल चर खणले, हे सगळे सांगतात. पण चर पुष्कळ गावांनी खणले. हिवरे बाजारचं वेगळेपण पाणी अडवल्यानंतरच्या गोष्टींत आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आणि ग्रामसभेत बसून ठरवायचं की आधी पिण्याचं, मग जनावरांचं, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला कुठलं पीक किती. पाऊस कमी तर पीक कमी. ज्याची जमीन त्याची मर्जी, ही गोष्ट त्या गावानं पाण्यापुरती बाजूला ठेवली.

"मला नको सांगू," आप्पा म्हणाले. "राळेगणसिद्धी आपल्याच तालुक्यात. अण्णा हजारे १९७५ ला गावात आले तेव्हापासनं बघतोय. बसगाड्या भरभरून लोक आले, फोटो काढून गेले. किती गावांनी उचललं? आपल्या गावातही जलयुक्त शिवार योजनेत ओढा खोल केला. पाणी अडलं. काय झालं पुढं? त्याच उन्हाळ्यात ओढ्याच्या काठानं नव्या बोअरांची रांग लागली. एक पाऊस चुकला आणि पुन्हा टँकर."

"म्हणजे अडवायला सगळे एक होतात. वाटून घ्यायला होत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. तुझ्याकडं एखादा पोपटराव असंल तर आण."

गावाला पोपटराव लागतो, हे मला अर्धंच पटतं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे गेले. पुण्यातले कारखानदार माणूस. त्यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा नियम अगदी थोडे होते. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्ध्या एकराचं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते 'माणसांच्या मापानं' यावर अडकले. दोनदा विचारलं, भूमिहीनाला पाणी कशाला? मी म्हटलं, त्याच्या वाट्याचं आहे म्हणून. हवं तर तो दुसऱ्याचं रान कसायला घेईल. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत हे खरं, आणि मी ते लपवलं नाही. पण पुढच्या पिढीचा हक्क म्हणजे नेमकं काय, याचं इतकं साधं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. जो आज हजर नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचाही पाण्यात वाटा आहे. आज भूमिहीनाचा वाटा मानणारं गावच उद्याच्या मुलाचा वाटा मानू शकेल.

आणि हे आपल्याकडे नवं नाही. धुळ्याकडे पांझरेच्या काठानं फडाची पद्धत चालत आली, शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं, आणि कुठल्या फडात यंदा कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाटकरी पाणी सोडणार. नदीत पाणी कमी तर सगळ्यांचंच कमी. त्या शेतकऱ्यांनी पर्यावरण हा शब्द कधी ऐकला नव्हता. एकट्यानं शहाणं होऊन भागत नाही, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रात्र बरीच झाली होती. आप्पा म्हणाले, "बाहत्तरला तुझी आजी पाझर तलावावर खडी फोडायला जायची. मी तिच्याबरोबर. खायला सुकडी मिळायची, त्यासाठी जायचो मी. बोटं फुटायची आजीची. त्या तलावाचं पाणी पुढं तीस वर्षं आपल्या विहिरीला आलं." मग बराच वेळ थांबून, "मी नातवाला काय देणार, तर सातशे फुटांचं भोक."

हे ते स्वतःशीच बोलले. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते, डाळिंबाची रोपं सांगून ठेवलेली असती, मुलगा शहरात खोलीत चौघांबरोबर राहत असता, तर मीही गाडी बोलावली असती.

सकाळी आम्ही दोघांनी एकेक गोष्ट कबूल केली. आप्पांनी बोअर पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत थांबवला. तोवर माझ्या वाट्याच्या पैशातून आजोबांच्या विहिरीचा गाळ काढायचा आणि तीन एकर कांद्याचं एक एकर करून त्याला ठिबक बसवायचं. कबूल केल्याप्रमाणे मी पुण्यात आमच्या इमारतीतल्या अकरा घरांकडून वर्षाच्या बाजरीचा आणि तुरीचा शब्द घेतला, भाव पेरणीआधी ठरवून. गव्हाच्या जोडीनं आठवड्यातून चार दिवस भाकरी, असं ठरलं. काही घरांत मुलांनी कुरकुर केली. दोघींना भाकरी थापता येत नव्हती, त्या आता शिकल्या आहेत.

पण आप्पांनी एक अट घातली, आणि ती मला मान्य करावी लागली. "ग्रामसभेत ठराव झाला, सगळ्यांचे बोअर थांबले, तर मी थांबतो. नाही झाला, तर दसऱ्याला गाडी येणार. मी एकटा कोरडा राहून शेजाऱ्याच्या उसाला पाणी देणार नाही." त्यांना एकट्याला थांबा म्हणायचा अधिकार मला नाही. पैसे, जमीन, शिक्षण यांतलं काहीही तो अधिकार देत नाही.

अडचण अशी की त्या ग्रामसभेत माझं मत चालत नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, गावच्या मतदार यादीत नाही. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, परदेशात राहणाऱ्या आणि गावी जमीन असलेल्या हजारो मराठी माणसांची हीच गत आहे. आपल्या नावावरच्या रानात उपसा चालू असतो आणि आपल्याला विहिरीची पातळी माहीत नसते. म्हणून तुम्हाला विनंती आहे. ग्रामसभेत मत देता येत नसलं तरी आपल्या रानातल्या उपशाबद्दल आपण बोलू शकतो. बोअरसाठी पैसे मागितले गेले तर नुसते पाठवू नका, आणि नुसते नाकारूही नका. एकदा जाऊन बसा. यंदाच्या ऑक्टोबरात आणि पुढच्या मेमध्ये आपल्या विहिरीत दोर सोडून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा, आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आपल्या नावासकट लिहा. आमच्या विहिरीचा मेचा आकडा त्रेचाळीस फूट आहे. तळापासून दोन फूट.